गाडी आतून धुतली तरी कुबट वास परत येतो? आधी पाणी शोधा

जुलै लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. ‘भाऊ, मागच्याच महिन्यात गाडी आतून पूर्ण धुवून घेतली. आठ दिवस बरी होती, आता तोच वास पुन्हा येऊन राहिला.’ मग माणूस दुसऱ्यांदा शाम्पू करून घेतो, डॅशबोर्डवर सुगंधी जेलची डबी चिकटवतो, कापराच्या वड्या ठेवतो. सुगंध आणि कुबटपणा मिळून तिसराच वास तयार होतो, आणि नागपुरात मानकापूरहून बर्डीपर्यंत येता येता मागच्या सीटवरच्या लेकराला मळमळायला लागतं.

गाडीच्या आतल्या सफाईचं काम मी करतो. पैसे घेऊन केलेली सफाई आठ दिवसांत वाया जावी, हे मला बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. या वासाचं मूळ ओलीत असतं. बुरशी आणि जिवाणू ओल असेल तिथे वाढतात आणि वास त्यांचा असतो. सीटचं कापड, दारांची आतली बाजू, मॅट हे सगळं लख्ख केलं, पण कार्पेटखालचा नमदा, म्हणजे गादीसारखा जाड थर, ओला राहिला, तर वास परत येणारच. उलट सढळ हातानं पाणी वापरून शाम्पू केला आणि गाडी नीट न वाळवता परत दिली, तर त्या नमद्यात आणखी पाणी मुरतं. म्हणून क्रम असा धरा: पाणी कुठून येतं ते शोधा, ते थांबवा, आतलं पूर्ण वाळवा, आणि मगच साफ करा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो.

आपल्या नागपुरात हा त्रास दर वर्षी का उगवतो, त्यालाही कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. या उन्हात दारांचं रबर कडक होतं, जुन्या काचेभोवतीचा सीलंट आकसतो. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते आणि ती बारीक पानं वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात. सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळ त्यावर थर धरते. जूनपर्यंत फारसा पाऊस नसल्यामुळे कुणाला काही कळत नाही. मृगाचा पहिला दणका बसला की पाण्याला नेहमीची वाट बंद सापडते आणि ते आत वळतं. पुढे सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट, की कार्पेट आपणहून वाळत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात आणि नंतरच्या कोरड्या थंडीत ते वाळतं, वास जातो, आणि प्रश्न सुटला असं वाटतं. बुरशीचे बीजाणू मात्र सुक्या नमद्यातही तग धरून असतात. पुढच्या जुलैत पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वास नेमका कधी येतो?

दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा. निम्मं निदान इथेच होतं.

एसी चालू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत आंबूस, ओल्या मोज्यांसारखा वास आला आणि मग कमी झाला, तर गुन्हेगार कूलिंग कॉइल (एसीतला हवा गार करणारा भाग) किंवा एसीचा फिल्टर. रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार उघडताच भपकारा आला, एसीशी त्याचा संबंध दिसला नाही, तर कार्पेट किंवा सीटचा फोम ओला आहे. फक्त पाऊस पडून गेल्यावरच वास वाढत असेल तर बाहेरचं पाणी आत येतं आहे. पाऊस नसतानाही पुढे डाव्या सीटच्या पायाशी ओल सापडत असेल तर ते एसीचंच पाणी आहे, असं जवळजवळ धरून चाला. वळणावर किंवा ब्रेक मारताना कुठेतरी पाणी खळखळल्याचा आवाज आला तर दाराच्या पोटात किंवा डिकीखाली पाणी साठलं आहे.

एक वेगळा वास ओळखून ठेवा. गोडसर वास, काचेवर आतून तेलकट, पुसलं तरी परत येणारा थर, आणि बोनेटखालच्या बाटलीतल्या कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू खाली जाणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर हीटरची कॉइल गळते आहे. हे सफाईवाल्याचं काम नाही, थेट मेकॅनिककडे जा. कूलंट विषारी असतं. इंजिनातलं कूलंट असं कमी होत गेलं तर आपल्या उन्हाळ्यात इंजिन तापून मोठा खर्च बसतो.

मॅट उचला, सगळ्या उचला

आजकाल नव्या गाडीत पहिल्याच आठवड्यात जाड, शिवलेली सेव्हन-डी मॅटिंग बसवून घेतात. दिसायला छान, पुसायला सोपी. पण ती खालच्या कार्पेटला हवा लागू देत नाही. वरून कोरडी ठणठणीत आणि खाली चिखल, अशा गाड्या पावसाळ्यात सर्रास येतात. म्हणून मॅटवरून हात फिरवून समाधान मानू नका. मॅट पूर्ण काढा, कार्पेटवर जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवा, तिच्यावर पायानं जोर देऊन मिनिटभर उभे राहा. कागद ओला झाला तर खालचा नमदा भिजलेला आहे. चारही पायांच्या जागा आणि डिकीत स्टेपनीखालची जागा अशीच तपासा.

कुठला कोपरा सर्वांत ओला आहे ते टिपून ठेवा. पाणी उताराकडे वाहतं, त्यामुळे पुढून शिरलेलं पाणी मागच्या सीटखाली सापडू शकतं. गाडी नेहमी उतारावर लावत असाल तर हे ध्यानात घ्या.

एसीचं पाणी

आधी हे तपासा, कारण हे सोपं आहे आणि बहुतेकांचा त्रास इथेच संपतो.

कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि एका नळीतून गाडीखाली ठिबकते. दमट दिवशी पंधरा-वीस मिनिटं एसी चालवून गाडी मोकळ्या जागेत उभी करा आणि पुढच्या भागाखाली बघा. तिथे थेंबथेंब पाणी पडायलाच हवं. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन कोरडी राहिली तर नळी तुंबली आहे, आणि ते पाणी डॅशबोर्डच्या आतून पायाशी उतरतं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर (हवा आत फेकणारा पंखा) आणि कॉइल ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला असतात, म्हणून ओल शेजारच्या सीटकडे आधी दिसते. नळी खालून मऊ तारेनं किंवा कमी दाबाच्या हवेनं मोकळी करता येते. पूर्ण दाबाची हवा खालून मारू देऊ नका, आतला जोड निसटतो.

मग फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो, हातानं निघतो. कंपन्या साधारण १०,००० ते १५,००० किलोमीटरवर बदला म्हणतात. आपल्या धुळीत त्याआधीच बघावा. कोराडी-खापरखेड्याकडे, वीज केंद्रांच्या राखेजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच. तो झटकून परत लावण्यात अर्थ नाही. कागदी फिल्टर एकदा ओला होऊन कुबट झाला की नवाच घाला. पावसाळ्याच्या तोंडावर नवा घातला तर सर्वांत बरं.

फिल्टर काढल्यावर टॉर्च मारून आत बघा. कुरतडलेला फोम, कापसाचे बोळे, काळ्या लेंड्या दिसल्या तर उंदीर आहे. रात्री उघड्यावर, कचऱ्याजवळ किंवा धान्याच्या दुकानांपाशी लागणाऱ्या गाड्यांत हे होतं. उंदराच्या मुताचा वास ब्लोअरमधून येतो आणि शाम्पूनं जात नाही. ब्लोअर खोलूनच तो भाग साफ करावा लागतो. साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला, झाडू मारून लेंड्या उडवू नका, आधी जंतुनाशकानं ओल्या करा आणि मग टिपून घ्या.

कॉइलसाठी फोमचा क्लीनर मिळतो. फिल्टरच्या खाचेतून किंवा खालच्या नळीतून लांब नळीनं तो आत सोडतात, डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतं थांबतात आणि मग ब्लोअर चालवतात. नळी आधी मोकळी केलेली हवी, नाहीतर फोम आणि मळ कुठे जाणार? काच खाली ठेवा आणि स्वतः बाहेर उभे राहा.

पावसाचं पाणी

बोनेट उघडा, वायपरखालची प्लास्टिकची जाळी बघा. दोन्ही टोकांना पाणी उतरायची जागा असते. तिथली कडुनिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, मातीचा लगदा हातानं काढा. मग तांब्याभर पाणी ओता. ते चाकाच्या बाजूनं झटकन खाली पडलं पाहिजे. तुंबून राहिलं तर ते ब्लोअरच्या तोंडातून आत जातं.

दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर जातं. ती चिखलानं किंवा गंजरोधक लेपानं बुजलेली असतात. काडीनं मोकळी केली की कधी कधी पेलाभर पाणी बाहेर येतं. आणखी एक गोष्ट: दाराच्या पॅनेलमागे पातळ प्लास्टिक किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडला आणि परत नीट चिकटवला नाही, तर दारातलं पाणी सरळ कार्पेटवर येतं. बाहेरून स्पीकर बसवून घेतल्यानंतरच्या पावसाळ्यात वास सुरू झाला असेल तर आधी तिथेच बघा.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. अडकून ओढली गेली तर रबर धरतं आहे, अलगद सुटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी असं करा.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांना नळ्या असतात, पुढच्या काचेशेजारच्या खांबांतून आणि मागच्या खांबांतून खाली जातात. सनरूफ थोडं तरी गळणार हे धरूनच या नळ्या दिलेल्या असतात. त्या तुंबल्या की छताच्या कापडावर डाग पडतात किंवा खांबाच्या आतून पाणी उतरतं. कोपऱ्यात थोडं पाणी सोडून ते खाली बाहेर पडतं का ते बघा. तार घालू नका, नळी आतल्या आत फाटते.

डिकीत ओल असेल तर मागच्या दिव्यांचं रबर आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली रबरी बुचं बघा. बाकी राहिलेली जागा शोधायला दोन माणसं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाणी खालून वर चढवत न्यायचं, एकेका जागी दोन-तीन मिनिटं थांबत. एकदम छतावर पाणी सोडलं तर कुठून आलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर इथे वापरू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो.

पुरातून निघालेली गाडी

हे वेगळं प्रकरण आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्या पाण्यात गाळही होता आणि सांडपाणीही. अशा गाडीचं कार्पेट आणि नमदा धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नये, बदलावं. सीटच्या फोमपर्यंत पाणी गेलं असेल तर तोही. विमा असेल तर काहीही काढायच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवा, आणि गाडी चालू करून बघायचा मोह आवरा.

जुनी गाडी विकत घेताना वास आला आणि विकणारा ‘पावसाळ्यामुळे आहे’ म्हणाला, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ, सीटच्या खालच्या बोल्टांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, यातलं काही दिसलं तर ती गाडी घेऊ नका.

वाळवणं

सगळ्यात जास्त घाई इथे केली जाते आणि वास परत येतो तो इथूनच.

जुलैत काचा उघड्या ठेवून गाडी अंगणात उभी केली तर वरचं कापड वाळतं, खालचा नमदा वाळत नाही. तो दोन-तीन बोटं जाड असतो आणि खाली पत्रा, त्यामुळे हवा एकाच बाजूनं लागते. कार्पेट उचलावंच लागतं. दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कडेनं कार्पेट वर घेता येतं. ओल जास्त असेल तर सीट काढावी लागते.

सीट काढणार असाल तर थांबा. सीटखालची पिवळी वायर आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मगच हात लावा, आणि सीट परत जोडेपर्यंत इग्निशन चालू करू नका. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. गाडी इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी तारांच्या जवळपासही जाऊ नका.

आधी ओलं खेचणाऱ्या व्हॅक्यूमनं जेवढं पाणी निघेल तेवढं काढा. मग कार्पेट वर टेकवून खालून वारा द्या. आपल्याकडे घरोघरी उत्तम साधन पडून असतं: लोखंडी कूलर. पावसाळ्यात तो नाहीतरी बंदच असतो. त्याची टाकी कोरडी करा, पंप बंद ठेवा, गवताच्या जाळ्या काढून ठेवा आणि नुसता पंखा दारासमोर लावा. टेबल फॅनपेक्षा कितीतरी जास्त हवा फेकतो. वायर आणि प्लग ओल्या जमिनीपासून दूर ठेवा.

हवा फारच दमट असेल तर गाडीचा एसीच कामाला लावा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, सोबत तापमानाची कळ गरमकडे फिरवली तर आत कोरडी गरम हवा फिरते. मोकळ्या मैदानात किंवा रस्त्यावर चालवताना करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

किती वेळ लागेल? नमदा पूर्ण भिजला असेल तर दोन-तीन दिवस लागू शकतात. वर्तमानपत्राची तीच चाचणी पुन्हा करा. कागद रात्रभर नमद्याखाली ठेवून सकाळी कडक निघाला, मगच कार्पेट खाली बसवा. संध्याकाळपर्यंत गाडी परत देतो असं कुणी म्हणालं, तर कार्पेट उचलणार का ते विचारा.

आता साफसफाई

इथपर्यंत आलात तर उरलेलं काम थोडं आहे. बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके दिसत असतील तर एन९५ मास्क घाला. कापडावर आणि कार्पेटवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का ते बघून. फवारा हलका, ब्रश मऊ, लगेच टिपून घ्यायचं. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो आणि गाडीची जागा लहान असते. छताच्या कापडाला ओलं करूच नका. आपल्या उन्हानं त्याचा गोंद आधीच सैल झालेला असतो, पाणी लागलं की कापड लोंबतं. स्क्रीन फक्त किंचित ओलसर मायक्रोफायबरनं पुसा. चकचकीत सिलिकॉन पॉलिश डॅशबोर्डवर लावू नका, दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि धूळही जास्त बसते. स्टिअरिंग आणि पेडलवर तर अजिबात नाही.

सांडलेल्या दुधाचा वास कुबटपणासारखाच वाटतो, पण त्याला एन्झाइमचा क्लीनर लागतो. डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ तो ओला राहू द्यावा लागतो. सावजीच्या पार्सलमधून रस्सा सांडला असेल तर आधी तेल टिपा, वर खायचा सोडा किंवा मक्याचं पीठ पसरून रात्रभर ठेवा, व्हॅक्यूम करा, मग पातळ साबण. हळदीचा डाग चोळू नका. उन्हात बराच फिका पडतो.

ओझोनचं मशीन लावून वास काढून देतात. ओल थांबली असेल तर त्याचा उपयोग होतो, थांबली नसेल तर पैसे जातात. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, म्हणून त्यानंतर सगळी दारं उघडून चांगली हवा खेळू द्या, तोवर लेकरांना बसवू नका.

पुन्हा ओल धरू नये म्हणून

घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करा आणि ब्लोअर मोठा ठेवून बाहेरची हवा आत घ्या. कॉइल वाळते आणि तिच्यावर बुरशी धरत नाही. आतलीच हवा फिरवणारं बटण आठ-आठ तास दाबून ठेवायची सवय सोडा. ट्रॅफिकच्या धुरात ठीक आहे, एरवी बाहेरची हवा येऊ द्या. ओली छत्री आणि रेनकोट प्लास्टिकच्या टबात ठेवा. सेव्हन-डी मॅट वापरायचीच असेल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा उचला.

वायपरखालची जाळी आणि दारांची छिद्रं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साफ करा, पानगळ संपलेली असते आणि पाऊस अजून लागलेला नसतो. पहिल्या जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पायांशी वर्तमानपत्र ठेवून बघा. एखादा कोपरा ओला निघाला तर त्याच दिवशी शोध घ्या. नमद्यात पाणी मुरायच्या आत सापडलं तर एक नळी किंवा एक रबर बदलून काम भागतं.